आया म्हटलं आणि मी गेलो

आमच्या धानोऱ्यातून पहिली नर्स निघाली, ती मी घडवली. म्हणजे शिकवलं मी काहीच नाही, मला साधी सही येत नाही. मी नुसता खाटेवर आडवा पडत होतो.

नर्स म्हणजे माझी मेव्हणी, बायकोची धाकटी बहीण. चार बुकं शिकलेली, आमच्याच घरी राहायची. दवाखान्याच्या मोठ्या बाईंनी तिला सांगितलं, आधी इथं हाताखाली काम कर, जमलं तर नर्सच्या शाळेत पाठवते. कामं होती तीन: आयाचं, मलमपट्टीवाल्याच्या हाताखालचं आणि औषधाच्या बाटल्या धुण्याचं. दुसरी कुणी असती तर मिळेल ते धरलं असतं. ही बैलाचे दात बघून सौदा करणाऱ्यांतली, आणि बैल मी. पट्टीचं काम कसं असतं ते बघायला तिनं जुनं लुगडं फाडून मला टाचेपासून कानापर्यंत गुंडाळलं. शेजारचा म्हातारा दारात आला, डोकावला, आणि सरणाची लाकडं सांगायला निघाला. मग औषधांची पाळी. ओव्याचं पाणी, सुंठीचं पाणी, कडुनिंबाचं पाणी पाजून दर वेळी विचारायची, काय वाटतं? मी म्हणायचो, झोप येते. "दाजी, तुमले तर निस्तं पानी पीसन बी झोप येस!"

राहिलं आयाचं काम. ते बघायला दवाखान्यात गेलो. ती बाईंशी बोलत होती, मी ओट्यावर बसलो. डॉक्टर परमुलखातले, हिंदी बोलणारे, आतून ओरडले, "आया! आया!" माझी हिंदी बाजारातली, आया म्हणजे आला, एवढंच ठाऊक. वाटलं, आला का असं विचारतायत. ठणकावून म्हणालो, "आया सायेब, आया!" आणि शिरलो आत. त्यांनी वर न बघता माझ्या हातात लघवीचं भांडं दिलं आणि खाटेवरच्या म्हातारीकडं बोट केलं. म्हातारी पदर ओढतेय, मी भांडं पाठीमागं लपवतोय. तेवढ्यात मेव्हणी आली, मला बाहेर ढकललं आणि म्हातारीला हात दिला. दाराआडून ऐकलं, म्हातारी तिला सांगत होती, भांडं मागायची लाज वाटते म्हणून कालपासून पाणीच प्यायले नाही.

परतताना बैलगाडीत मी म्हणालो, "बाटल्या धर. सोवळं काम शे."

"बाटलीले लाज वाटस का, दाजी? मी आयाच व्हसू."

माझ्या सासरच्यांनी नाकं मुरडली, घाण उचलणारी म्हणाले. ती उचलत राहिली. आणि बाईंनी नर्सच्या शाळेत पाठवायला तिलाच निवडलं.

नंदुरबार स्टेशनात सुरतेची गाडी लागली तेव्हा मला खरंच गलबलून आलं. आता घरात मला कोण गुंडाळणार, कोण कडू पाजणार? खिडकीशी जाऊन म्हणालो, "पोरी, आते मन्हं दुखनं कोन देखी वं?"

तिनं डोळे पुसले, मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, आणि सगळ्या फलाटाला ऐकू जाईल असं म्हणाली, "दाजी, तुमले काही दुखनं नई शे. तुमी निस्ता आळशी शेतस."