धुतलेल्या पानावर भुरी शोधायची कशी?

जुन्या मोबाइलच्या भिंगाचा सूक्ष्मदर्शक, त्याचा सायकलच्या तारांचा स्टँड आणि बुरशीच्या बीजाणूंच्या चित्रांच्या चार वह्या. मंडळी, हे सगळं मी माझ्या हातानं केलं, कोणी शिकवलं नाही. आज त्यातलं काहीच कामी आलं नाही.

सकाळी उमरखेडच्या प्रमिलाताई एस.टी.नं इथं नेरला आल्या. त्यांचे अर्धा एकर टमाटर भुरीनं, म्हणजे भुकटीसारख्या बुरशीनं, पांढरे पडून राह्यले. बुरशी पानावर बसणारी असेल तर गंधक पुरतं, आत शिरणारी असेल तर औषध वेगळं. ते बीजाणू पाहूनच ठरतं. त्यांनी आणलेली पानांची पुडी उघडली, तर पानं चकचकीत!

"तशीच घाण कशी आणू भाऊ? दोन पाण्यानं धुतली."

ती पांढरी भुकटीच तर मला हवी होती. सगळी पानं तपासली, एकही बीजाणू दिसला नाही.

"मंग आता काय फवारू?" ताई रडकुंडीला आल्या. बीजाणू पाहिल्याशिवाय मी औषधाचं नाव सांगत नाही. तिकडे झाडं रोज पानं गाळताहेत.

उद्या उमरखेडहून कोणी येतंय का? ताईंच्या शेतातली न धुतलेली पानं कागदात आणा, हात जोडतो.

ताई गेल्यावर शेजारचा औषध दुकानदार म्हणाला, "कायले पाहत बसता भाऊ? माह्या औषधाची चिठ्ठी देत जा, महिन्याले आठ हजार देतो."

मी नाही म्हणालो. महिन्याचे आठ हजार रुपये.