मारबतीत घेतलेलं नाव

१९६९ साल. मी सोळा वर्षांचा होतो. पोळा झाला, दुसऱ्या दिवशी गावाची पीडा घेऊन जाणारी मारबत निघाली, आणि तिसऱ्या दिवशी नीट उजाडलंही नव्हतं तेव्हा मायनं मला फाट्यावरून खाप्याहून नागपूरला जाणाऱ्या पहिल्या गाडीत बसवून दिलं. हातात एक पिशवी. तिच्यात दोन सदरे, एक पायजमा आणि फडक्यात बांधलेल्या पोळ्याच्या उरलेल्या पुरणपोळ्या. बाप फाट्यापर्यंत आला नाही. आम्ही घरातून निघालो तेव्हा तो मागावर बसून विणत होता, त्यानं मान वर केली नाही.

गाडी सुरू झाली तशी माय खिडकीशी आली आणि म्हणाली, "मामाच्या घरून हालू नको. अन् कोणी पुसलं तर सांगजो, मी दोन महिन्यांपासून इथंच आहो."

हे शेवटचं वाक्य मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. बायकोला नाही, पोराला नाही. मी सगळ्यांना सांगत आलो की बापानं चारचौघांत थोबाडीत मारली, मला सहन झालं नाही, मी घर सोडलं. ऐकणारा म्हणायचा, मोठा मानी माणूस. मलाही ते गोड लागायचं. आता गावात राहिलेल्यांसाठी, आणि माझ्यासारखे जे निघून गेले, कोणी पुण्याला, कोणी पार अमेरिकेला, त्यांच्यासाठीही खरं काय ते लिहून ठेवतो. माझं शिक्षण चौथी. चुकलं तर चुकलं.

मामा नागपूरच्या महाल भागात पुस्तकांच्या बाइंडिंगच्या दुकानात होता. मीही तिथंच लागलो. खळ शिजवणं, पुठ्ठे कापणं, मग शिवण. पंधरा वर्षांनी स्वतःचं दुकान टाकलं. मोठमोठ्या प्रोफेसरांचे थीसिस माझ्या हातून गेले. मरून रंगाचं कापड, पाठीवर सोनेरी अक्षर. पान उलटं लागलं की मला बोटाला कळतं, डोळ्याला नंतर. तेव्हा शिकलेल्या माणसासमोर मी कधी दबलो नाही. त्यांच्या विद्येची पाठ मीच सरळ करून दिली, असं मी तोंडावर म्हणायचो आणि ते हसायचे.

गावाला दर दिवाळीला जायचो. धाकटा भाऊ बंडू तिथंच आहे. मी ओसरीवर पाय ठेवला की त्याची बायको विचारत नाही, सरळ तांदूळ धुवायला घेते. चार माणसं येऊन बसतात. नागपूरवाले आले, म्हणतात. गाव म्हणजे मला हे एवढंच होतं, आणि ते पुष्कळ होतं.

माझी नात प्रांजली मराठीत पीएचडी करते. देवाधर्माच्या चिन्हांआडून गोष्टींमध्ये मारहाण कशी येते, राजकारण कसं येतं, असा काहीसा विषय. मी म्हटलं, बाइंडिंग मीच करीन, बाहेर टाकायचं नाही. गेल्या महिन्यात तिनं छापलेली पानं दुकानात आणून दिली आणि खुर्चीत बसून मोबाईल पाहत राहिली. मी सवयीनं पानं लावत होतो. चौथ्या प्रकरणावर हात थांबला. मारबत, असा शब्द दिसला. मग आमच्या गावाची नदी दिसली.

"हे कोणाचं वं?" मी विचारलं.

"सांगितलं होतं ना, आबाजी. सुमनताई म्हणून आहेत, रिटायर शिक्षिका. त्यांची गोष्ट आहे. तुमच्या गावाकडची म्हणून तर घेतली. तुम्ही ऐकताच कुठं!"

मी उभ्यानं वाचत गेलो. गोष्टीत मारबत काढायच्या दिवशी गाव एका घराला गावाबाहेर काढतं. मिरवणुकीत एक पोरगा असतो. लेखिका लिहिते, त्याचा आवाज फार गोड होता. तो त्या घरातल्या माणसाचं नाव घेतो, मग सगळे घेतात. आणि खाली प्रांजलीनं लिहिलं होतं की या पोराला लेखिकेनं मुद्दाम चेहरा दिलेला नाही, कारण तो व्यक्ती नाहीच, तो धर्माच्या नावानं बोलणाऱ्या गर्दीचा गळा आहे. जळणारी मारबत म्हणजे बाईचा देह. तिच्यावर फेकलेली बाज म्हणजे उलथलेली समाजरचना. चांगलं लिहिलं होतं. अक्षरनअक्षर जुळवून लिहिलं होतं.

"प्रतीक म्हणजे काय गं नेमकं?" मी विचारलं.

"म्हणजे एका गोष्टीतून दुसरी मोठी गोष्ट दिसते."

"मग पहिली गोष्ट कुठं जाते?"

ती हसली. "आबाजी, तुम्ही माझ्या व्हायवाला, तोंडी परीक्षेला बसा. बाहेरून आलेले परीक्षक पळून जातील."

"बाज म्हणजे बाज होती," मी म्हटलं. "आठ दिवस आधी दशरथनं नवी दोरी लावली होती तिले. मी पाहिली होती."

"कोण दशरथ?"

गोष्टीत त्या माणसाचं नाव वेगळं आहे. मी पानं खाली ठेवली. आता सांगायचं की नाही, एवढाच प्रश्न होता. नाही सांगितलं असतं तर कोणालाच कळलं नसतं. नातीनं तर लिहूनच दिलं होतं की तो पोरगा कोणी नाही. सोनेरी अक्षरात माझी सुटका होणार होती, आणि तीही माझ्याच हातानं शिवून. पण माझा स्वभाव आडमुठा आहे. मी कोणी नाही, असं मला कोणी म्हटलेलं चालत नाही.

"तो पोरगा मी आहो," मी म्हटलं.

तिनं मोबाईल पालथा ठेवला. मग तिला जे सांगितलं ते असं.

दशरथ आमच्या गावचा वाजंत्री. मारबतीपुढं डफडं त्याचंच वाजायचं, त्याच्या बापाचंही तेच. त्यांच्या वस्तीनं धर्म बदलला, घरातले देव नदीत सोडले. तरी काही वर्षं गावाच्या धाकानं तो वाजवत राहिला. त्या वर्षी त्यानं सांगितलं, आता वाजवणार नाही. बस, एवढंच. भांडला नाही, शिवी दिली नाही.

मारबत म्हणजे बांबू-कागदाची बाई. तिला गावभर फिरवायचं, गावातली सगळी पीडा तिच्यासोबत जा म्हणायचं, आणि शिवेबाहेर नेऊन जाळायचं. पुढं पोरं ओरडतात. खोकला घेऊन जा, खरूज घेऊन जा, ढेकूण घेऊन जा. माझा आवाज खणखणीत, म्हणून मी पुढं आणि बाकीचे मागून. त्या दिवशी डफडं नव्हतं, तेलाचे डबे बडवत होते. लोक चिडलेलेच होते. दशरथच्या गल्लीच्या तोंडाशी आलो तसा बापानं मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "घे गा त्याचं नाव."

मी घेतलं. दशरथले घेऊन जा.

पहिल्यांदा लोक हसले. हे मी विसरत नाही, हसले. मलाही हसू आलं. मग दुसऱ्यांदा घेतलं तेव्हा मागून सगळ्यांनी घेतलं. तिसऱ्यांदा माझी गरजच राहिली नाही. माणसं अंगणात शिरली. भांडी, गोधड्या, भिंतीवरची तसबीर, ती बाज, सगळं बाहेर काढून मारबतीच्या गाड्यावर टाकलं. दशरथ आडवा आला तर काठी बसली, मनगट मोडलं. त्याची लहान पोरगी दारात उभी होती. ती रडत नव्हती, माझ्याकडे पाहत होती. शिवेबाहेर मारबतीसोबत त्याचा संसारही जळला. संध्याकाळी ती चौघं जणं नदीकाठानं चालत निघून गेली.

रात्री पोलीस येणार अशी बोलणी निघाली. म्हणून सकाळी मायनं मला गाडीत बसवलं. थोबाडीत कोणी मारली नव्हती. उलट बाप म्हणाला होता, पोराच्या गळ्यात ताकद आहे.

प्रांजलीनं चौथ्या प्रकरणाची पानं मांडीवर ओढली. मग म्हणाली, "माझं प्रकरण पडलं, आबाजी."

"पडलं काहून? लिहिलं ते राहू दे."

"कसं राहू देऊ? मी लिहिलं की तो कोणीच नाही. अन् तो माझ्या घरात जेवून राहिला रोज."

ते लागलं मला. पण खोटं नव्हतं.

रविवारी तिनं मला स्कूटीवर मागं बसवून सुमनताईंकडे नेलं. त्या म्हणजे दशरथच्या दारातली तीच पोरगी, हे मी गोष्टीवरूनच ओळखलं होतं. आता केस पांढरे, डोळ्याला जाड चष्मा. घर स्वच्छ, तीन कपाटं भरून पुस्तकं. माझी नजर आधी शिवणीवर गेली, सवय. मी नाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं आणि म्हटलं, तुमच्या गोष्टीतला तो मी. हात जोडले. मला वाटलं होतं की त्या रडतील किंवा हाकलतील. त्यांनी पाणी आणून दिलं.

दशरथ इथंच, नागपुरात, चाळीस वर्षं राहिला, हे त्यांनी सांगितलं. मनगट वाकडंच राहिलं, गोदामात पहाऱ्याचं काम केलं. माझ्या दुकानापासून अर्ध्या तासावर. एकाच गावाहून, एका दिवसाच्या अंतरानं आम्ही दोघं एकाच शहरात आलो. मी पुरणपोळ्या घेऊन, आणि गाव सोडल्याचा ताठा मिरवत. त्यानं गाव सोडलं नव्हतं, त्याला काढलं होतं.

प्रांजलीनं हळूच विचारलं, "ताई, त्या पोराचा चेहरा काहून नाही लिहिला?"

"आठवत होता," सुमनताई म्हणाल्या. "पक्का आठवत होता. पण लिहिला असता तर गावानं सगळं त्या एका पोरावर टाकलं असतं अन् आपण मोकळं झालं असतं. एकाला उभं करून त्याच्या अंगावर सगळ्यांचं कसं लादतात, ते मी दारातून पाहिलं होतं. तेच मी करायचं होतं का?"

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "माफी मले नका मागू. माझा बाप गेला, आता ऐकणारा नाही. तुम्ही नाव गावात घेतलं होतं, इथं नाही. तिथं जाऊन सांगा. अन् एकट्याचं सांगू नका."

परतल्यावर मी प्रांजलीला सकाळच्या पहिल्या गाडीची वेळ पाहायला सांगितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गावाला गेलो. दिवाळी नाही, लग्न नाही, तरी आलो म्हणून बंडू चकित झाला. ओसरीवर तो, त्याची बायको, आणि माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठे दोघं जण, किसन आणि वामन, रोजच्यासारखे येऊन बसलेले. चहा झाला. मी सांगितलं. दशरथचं नाव पहिल्यांदा मी घेतलं, असं सांगितलं.

किसन म्हणाला, "पोरगा होता गा तू."

"हाव. पण तू बावीस वर्षांचा होता. बाज तू अन् वामननं उचलली."

वामन उठला, चपला शोधायला लागला. बंडू म्हणाला, "दादा, जुनं झालं. काहून उकरून राहिले?"

"घे म्हणणारा आपला बाप होता, बंडू."

"बाबाचं नाव घ्यायचं नाही!" तो असा ओरडला की शेजारची बाई भिंतीवरून पाहायला लागली. माझा भाऊ माझ्यावर पहिल्यांदा ओरडला. वामन गेला. मागोमाग किसन गेला. बंडू आत जाऊन बसला. त्याची बायको दारात उभी होती. ती चुलीकडे गेली नाही, तांदळाच्या डब्याकडे गेली नाही, पदर तोंडाला लावून नुसती उभी.

बारा वाजले, एक वाजला. कोणी जेवून जा म्हटलं नाही. नागपूरची गाडी फाट्यावर येऊन गेली, मला आवाज आला. गाव म्हणजे आता हेच, मी मनात म्हटलं, जिथं मला कोणी बस म्हणत नाही. पण मी उठलो नाही. उठलो असतो तर त्यांनी हुश्श केलं असतं, आणि मी पुन्हा घर सोडल्याचं सांगत फिरलो असतो. मी ओसरीवर मांडी घातली आणि बंडूला आत ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं, "अजून त्या दिवशीच्या सगळ्यांची नावं घ्यायची आहेत, ये बाहेर."