भाकड दिवस

परवा नगरच्या एका साड्यांच्या दुकानात मी एकटीच गिऱ्हाईक होते. मालक घड्या घालत म्हणाले, “आषाढात आमचे भाकड दिवस असतात, ताई.” कोऱ्या कापडाच्या वासात तो शब्द कानावर पडला आणि मी तिसगावच्या सासरी जाऊन पोचले.

माझ्या लग्नाला तेव्हा तीन वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. सासऱ्यांचं, म्हणजे मामांचं, कापडाचं दुकान घराला लागूनच होतं. मी आतल्या खोलीत साडीला फॉल लावत होते. बाहेर सासूबाई मामांना म्हणाल्या, “आता भाकडच हाय. तिला जाऊ द्या माहेरी.”

मी जामखेडकडच्या शेतकरी घरातली. भाकड म्हणजे दूध न देणारी गाय, एवढंच मला ठाऊक. सुई बोटात शिरली. मी लग्नातल्या शालूसकट सगळी ट्रंक भरली.

एसटी स्टँडवर ती उचलताना मामा चकित झाले. “एवढं समदं कशाला, पोरी? पंचमीला न्यायला येतो की! दुकानात गर्दी झाल्यावर तुझ्याबिगर कसं भागायचं?”

मामा खरोखरच आले. पुढच्या वर्षी मला मुलगी झाली. धंद्याच्या मंद दिवसांनाही भाकड म्हणतात, हे सावकाश कळलं. पण मी निघाले तेव्हा सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं नव्हतं, तेही आठवतं. त्या दुकानाबद्दल बोलत होत्या, की माझ्याबद्दल? त्या होत्या तोवर विचारायचा मला धीर झाला नाही.