आपल्याच बायकोचा भासरा

बाबाजी स्वतःच्या बायकोच्या खोलीपाशी आले की दाराबाहेर थांबून खाकरायचे. आत जायचे नाहीत. भिंतीकडे तोंड करून सांगायचे, "धाकल्या बाईले सांगा, ताट आलं. गरम आहे तवर जेवा." ही धाकली बाई म्हणजे त्यांची बायको, आजी. जन्मभर एका घरात राहिलेली, तीन लेकरांची आई. गावातली पोरं पाठीमागे बाबाजींना 'आपल्याच बायकोचा भासरा' म्हणून हसायची. एका पोराला मी त्यावरून भर चौकात झापलंही होतं.

भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. गोंदियात हिंदीत जेठ म्हणतात. आमच्याकडच्या जुन्या घरांत धाकट्या भावाच्या बायकोनं त्याला तोंड दाखवायचं नाही, त्यानं तिच्याशी थेट बोलायचं नाही, शिवायचं तर नाहीच. काही सांगायचं असेल तर भिंतीला सांगायचं. या चालीविरुद्ध मी पत्रकं वाटली आहेत, आजही वाटते. तिचं कौतुक करायला हे लिहीत नाही.

म्हाताऱ्या माणसांसाठी आणि त्यांचं करणाऱ्यांसाठी आमची संघटना गोंदियाजवळच्या गोरेगावच्या आसपासच्या गावांत काम करायची. कॉलेज सुटून मला फार दिवस झाले नव्हते. आजींची आठवण हळूहळू पुसत चालली होती. त्यांची आंघोळ, वेणी, भरवणं, सगळं बाबाजी करायचे. एका सकाळी आजींनी त्यांच्याकडे नीट पाहिलं, हनुवटीपर्यंत पदर ओढला आणि पाठ फिरवून बसल्या. म्हातारपणी बाबाजींचा चेहरा हुबेहूब त्यांच्या थोरल्या भावासारखा झाला होता. तेच टक्कल, त्याच मिशा. तो भाऊ मरून जमाना झाला, पण आजींच्या मनातली त्याची भीती जिवंत होती. भासऱ्यासमोर जेवायचं नसतं. आजींनी जेवण सोडलं. आंघोळ घालायला शेजारची शांता यायला लागली, पण घास कुणी घालायचा?

आमच्या पत्रकात लिहिलं होतं की रुग्णाच्या डोळ्यांत पाहा, हात हातात घ्या, आपलं नाव सांगा. बाबाजींनी ते केलं. आजी ओरडत कोपऱ्यात जाऊन बसल्या आणि दुपारपर्यंत थरथरत होत्या. बाबाजी मला म्हणाले, "पोरी, तुह्या कागदात बरोबरच असन. पण माह्या बायकोनं तो वाचला नाही."

त्यानंतर त्यांनी भिंत धरली. मी भांडले. म्हटलं, ज्या पदराखाली ही बाई जन्मभर घुसमटली, तोच तुम्ही पुन्हा तिच्या डोक्यावर लादताय. ते म्हणाले, "मी कायले लादू? तिनं घेतला. मी फक्त दाराबाहेर उभा आहो."

तरुणपणी बाबाजी मंडईच्या दंडारीत, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेतल्या नाटकात, उभे राहायचे. खरंच नुसतेच उभे राहायचे. राजाच्या मागे भाला धरून, एक शब्द न बोलता. "आता म्हातारपणी बोलायचा पार्ट भेटला," असं ते ओसरीवर बसून सांगायचे आणि स्वतःच खुदकन हसायचे. आवाज ते थोरल्या भावाचा काढायचे, जाड आणि दरडावणीचा. वाक्यं मात्र स्वतःची. त्या भावाच्या राज्यात बायका सगळ्यात शेवटी, उरलंसुरलं जेवायच्या. हा नवा भासरा भिंतीला दरडावून सांगायचा की धाकल्या बाईनं सगळ्यायच्या आधी जेवलं पाहिजे. भासऱ्याचा हुकूम मोडायची आजींना छाती नव्हती. त्या आपल्या हातानं जेवू लागल्या. मग रोज नवा हुकूम निघायचा. धाकल्या बाईनं भातावर तूप घ्यावं. दुपारी झोपावं. अंगणात खाट टाकून उन्हात बसावं. तिकडे शहरात एक पाहुणे शिबिर घेऊन काळजी घेणाऱ्यांना 'खुश रहिए' शिकवून गेले होते. मला त्याचा राग आला होता. मदतीला एक हात द्यायचा नाही आणि खुश राहायला सांगायचं, याला काही पैसे लागत नाहीत. बाबाजींना ते शिबिर माहीतही नव्हतं, पण हुकूम सोडून ओसरीवर येताना त्यांचा चेहरा खुलायचा, हे मी पाहिलेलं आहे.

शरीर मात्र खचत होतं. गुडघे गेले होते, रक्तदाब होता. भिंतीला टेकून ते उभ्या उभ्या डुलक्या घ्यायचे. मी तोंडावर सांगितलं, असंच चाललं तर आधी तुम्ही जाल. ते चिडले नाहीत. "मंग तिले जेवाले कोण सांगन?" एवढंच म्हणाले. नागपूरला नोकरी करणाऱ्या मुलाला, राजेशला, हीच धास्ती होती. त्यानं तिकडे आईसाठी एक वृद्धाश्रम पाहून ठेवला आणि येत्या रविवारी गाडी घेऊन न्यायला येतो, असं फोनवर कळवलं. खरं सांगायचं तर त्याचं सगळंच मला चूक वाटत नव्हतं.

त्याच आठवड्यात धानाची रोवणी, म्हणजे भाताची लावणी, सुरू झाली. बांध्यांकडे, म्हणजे भातखाचरांकडे, जाणाऱ्या बायांची गाणी ऐकून आजी कासावीस झाल्या. कारण बाबाजींनी मला सांगितलं. फार वर्षांपूर्वी अशाच रोवणीत आजींच्या माहेरून, तिरोड्याहून, निरोप आला होता की त्यांचे वडील मरायला टेकलेत. थोरल्या भावानं हुकूम सोडला, रोवणी होईपर्यंत घरातून कोणी हलायचं नाही. बाबाजी मान खाली घालून उभे राहिले. आजी पोचल्या तेव्हा वडिलांची राख झाली होती.

हे आठवून बाबाजींना राहवलं नाही. त्यांनी भिंतीला सांगितलं की रोवणी राहू द्या, धाकल्या बाईनं तिरोड्याले बापाकडं जावं. आजींनी लगेच दोन लुगड्यांचं गाठोडं बांधलं आणि उंबऱ्यावर येऊन बसल्या. भासऱ्याची परवानगी मिळाली, पण नेणार कोण? नवरा नेणार. तो आल्याशिवाय त्या अन्नाला शिवेनात. आणि नवरा भिंतीपलीकडे उभा होता. तो दिवस गेला, दुसराही गेला. बाबाजींनी हुकूम सोडून पाहिले, आवाज चढवून पाहिला. काही चालेना.

तशात रविवारी राजेश आला. तरुणपणच्या बाबाजींसारखाच दिसणारा. आजींनी इतक्या दिवसांत पहिल्यांदा पदर मागे सारला. "आले का? किती उशीर केला," म्हणाल्या. राजेशनं मला बाजूला घेतलं. हे बरंच झालं, आई आपणहून गाडीत बसेल, तिरोडा म्हणून सांगू आणि नागपूरला नेऊ, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, असं फसवून नेणार असाल तर मी गाडीपुढे आडवी पडते. आमचे आवाज चढले. तेवढ्यात आजींनी त्याची बाही धरली.

"तुमी तवा बोलले काऊन नाही? बाप माहा मराले टेकला होता. अन तुमी खाली पाहून राहिले होते."

राजेशला काही कळेना. पण दाराबाहेर खाकरणं ऐकू आलं. भासरा भावजयीशी बोलत नाही, पण धाकट्या भावाला खडसावायला त्याला कोण अडवणार? बाबाजी थोरल्या भावाच्या आवाजात गरजले.

"काऊन रे? तुह्या बायकोचा बाप मरून राहिला, अन तू मान खाली घालून उभा? तोंड नाही तुले?"

"बाबा, मी..."

"बाबा कोण? भाऊ आहो मी तुहा. चुकलं म्हण तिले. अन तिरोड्याले ने. दुसरीकडं कुठं नाही. संध्याकाळी घरी आण."

स्वतःच्या आवाजात जन्मात कधी कुणावर न ओरडलेला माणूस तो. राजेशनं बापाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि पढवल्यासारखं म्हणाला, "चुकलं माझं." मग कुणी न सांगता, तिच्यापुढे खाली बसून, पुन्हा एकदा म्हणाला.

आम्ही तिघं तिरोड्याच्या रस्त्याला लागलो. आजींच्या वडिलांचं घर आता उरलेलं नव्हतं. राजेशनं एका बांधीशेजारी गाडी थांबवली. चिखलात वाकलेल्या बायांकडे आजी बराच वेळ पाहत राहिल्या. बाप बरा आहे ना, असं विचारलं. राजेश हो म्हणाला. परत निघायच्या आधीच त्या त्याच्या खांद्यावर झोपल्या, म्हणून गाडी कितीतरी वेळ तिथेच उभी होती.

राजेश एकटाच नागपूरला परतला. शांता पूर्ण दिवस यायला लागली, बाबाजींना दुपारची झोप मिळू लागली. आजी शेवटपर्यंत त्याच घरात राहिल्या, आणि त्या गेल्यावर बाबाजीही फार थांबले नाहीत. भासऱ्याची चाल वाईट ती वाईटच, माझं मत तसूभर बदललेलं नाही. पण मला ते दोघं आठवतात ते तिरोड्याहून परतलो त्या संध्याकाळचे.

ताट मी आत नेलं. आजी जेवत होत्या. राजेश जेवायच्या आधीच निघून गेला होता. त्याला नवरा समजलेल्या आजींनी विचारलं, ते कुठं गेले. बांधीवर, मी म्हटलं. मग आजी माझ्याकडे न बघता, भिंतीला ऐकू जाईल इतक्याच आवाजात म्हणाल्या, "भासऱ्यायले सांगा, आता त्याहीले जास्त बोलू नोका. मनानं गरीब आहेत ते."

पलीकडून नुसतं "बरं" आलं, आणि तो आवाज थोरल्या भावाचा नव्हता. आजींनी सवयीनं पदर आणखी खाली ओढला आणि माझ्याकडे अजून भात मागितला.