दुखत नव्हतं, म्हणून

आमच्या घरात सकाळ व्हायची ती तव्यावर भाजल्या जाणाऱ्या तंबाखूच्या वासाने. चूल पेटली, की भाकरीच्याही आधी मोठी माय एक छोटा, काठ उडालेला तवा चढवायची – हा तवा वेगळा, त्यावर दुसरं काही भाजायचं नाही – आणि मूठभर तंबाखू काळीभोर होईपर्यंत हलवत बसायची. आधी ठसका, मग डोळ्यांत पाणी, आणि मग तो खमंग, कडवट, शेवटी थोडासा गोड होत जाणारा वास... गोधडीतून नाक बाहेर काढून आम्ही पोरं तो ओढून घ्यायचो. वडीगोद्रीच्या अलीकडच्या आमच्या गावात तेव्हा बहुतेक बायका मिश्री लावायच्या. भाजलेली तंबाखू चुरून दातांवर घासायची आणि चिमूटभर गालात तशीच राहू द्यायची. मोठी माय डाव्या गालात ठेवायची.

मोठी माय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. तिला मूलबाळ नाही, असं लोक म्हणायचे. आम्ही चारही भावंडं तिच्याच पदराखाली वाढलो, त्यामुळे या वाक्याचा अर्थ मला फार उशिरा कळला.

रविवारी ती आम्हाला न्हाऊ घालायची. न्हाणीतल्या दगडावर बसवून, शिकेकाईचं कढत पाणी ओतून, डोळे चुरचुरले म्हणून रडलं तर पाठीत एक धपाटा घालून... आणि केस पुसून झाले, की तिची बोटं जबड्याखाली यायची. खरखरीत, मिश्रीचा वास असलेली, पण त्या जागी अगदी हलकी. कानामागून हनुवटीपर्यंत ती चाचपत जायची. मला एकदा गाठ लागली, चिंचोक्याएवढी. दाबल्यावर मी ओरडले.

"वरडू नको. पळती हाये," ती म्हणाली. "बोटाखालून सरकती ना, मंग भ्यायचं न्हाई. घसा आलाय तुझा."

चुना-हळदीचा लेप, मिठाच्या गुळण्या, आणि पुढच्या रविवारी परत तपासणी. गाठ ओसरली होती. माझ्या धाकट्या भावाची मात्र ओसरली नाही. रविवारमागून रविवार गेले, संध्याकाळी त्याचं अंग तापायला लागलं, तशी लेप बाजूला सारून ती त्याला कडेवर घेऊन बसने अंबडला डॉक्टरांकडे गेली. गाठीचा क्षय निघाला. सहा महिने गोळ्या होत्या. तिने एकही चुकू दिली नाही. तो आज ट्रॅक्टर चालवतो, आणि त्याच्या मानेवर काही खूणसुद्धा नाही.

मी चौथीत होते त्या वर्षी, भादव्यातल्या एका रविवारी, तिने माझी मान सोडली तेव्हा मी म्हटलं, "आता मी तुझी बघते." ती हसत खाली बसली आणि हनुवटी वर केली. डाव्या जबड्याखाली माझी बोटं थांबली. सुपारीसारखं काहीतरी होतं. टणक. मी ढकलून पाहिलं.

"मोठी माय, ही पळत न्हाई."

तिने स्वतः हात लावला. दोन बोटांनी ढकलून पाहिलं.

"दुखतं का गं?" मी विचारलं.

"न्हाई. दुखत न्हाई तर काय! अडकित्ता आण, फोडून खाऊ."

आम्ही दोघी हसलो. पण चुलीपुढून आईने ऐकलं होतं. "बाई, अंबडला दाखवून या जल्दी," ती म्हणाली.

"क्रॉसिंग सोडून? फुलाला सांग मंग, दोन दिस उमलू नको, बाई दवाखान्यात गेल्यात."

आमच्याकडे कपाशीच्या बियाण्याचा प्लॉट होता. संध्याकाळी मादी झाडांच्या कळ्या नखाने सोलायच्या, सकाळी नराची फुलं त्यांच्यावर फिरवायची आणि खुणेचा दोरा बांधायचा – हे क्रॉसिंग श्रावणापासून दसऱ्यापर्यंत चालायचं, आणि त्यात एक सकाळ चुकली तर त्या सकाळचं फूल गेलं ते गेलंच. मोठ्या मायच्या नखासारखं नख गावात कोणाचं नव्हतं. दहा बायका तिच्या मागून ओळीने चालायच्या. तेव्हा तिचं म्हणणं सगळ्यांना बराबर वाटलं. दसऱ्यानंतर दिवाळी आली, ती तर टाळता येत नाही. मग कापूस वेचणीला आला. प्रत्येक कारण खरं होतं. आणि गाठ काही तक्रार करत नव्हती... आमच्या घरात दुखणं म्हणजे जे कण्हायला लावतं ते. जे गप्प बसतं ते दुखणं नव्हे.

तिने ठेचा खायचा सोडला. भाकरी वरणात बुडवून, उजव्या बाजूने हळूहळू चावायला लागली. "म्हातारी झालीस," आम्ही चिडवायचो. पदर मानेभोवती घट्ट आला. थंडी होती, कोणाला वावगं वाटलं नाही.

संक्रांतीनंतर ती अंबडला डॉक्टरांकडे गेली. मी हट्टाने सोबत गेले होते. डॉक्टरांनी मानेला हात लावला आणि लगेच म्हणाले, "तोंड उघडा." बॅटरीच्या उजेडात डाव्या गालाच्या आत एक पांढुरका, खरबरीत कडांचा घाव दिसला, मिश्री ठेवायची तिथेच.

"गाठ कधीपासून आहे?"

"क्रॉसिंगपासून."

"मग इतक्या उशिरा?"

"दुखली असती तर आले असते की, डॉक्टरसाहेब."

त्यांनी बॅटरी बंद केली. "बाई, जी दुखते ती बहुधा जाते. ही दुखली नाही, तेव्हाच यायला पाहिजे होतं."

मग औरंगाबाद, मोठा दवाखाना, गालाचा कॅन्सर, विजेचे शेक, एकाच बाजूला काळवंडलेली मान. पुढच्या श्रावणात कपाशी वेळेवर फुलली. ओळीच्या पुढे आई चालत होती. मोठी माय नव्हती.

आता मी जालन्यात राहते आणि जे तेव्हा ठाऊक असायला हवं होतं ते मला पाठ आहे. जबड्याखालची गाठ दोन-तीन आठवड्यांत ओसरली नाही, वाढत गेली, टणक असली, जागची हलली नाही, सोबत ताप किंवा रात्रीचा घाम आला, वजन उतरलं, तोंडातला घाव भरेना – यातलं एक जरी असलं तरी डॉक्टरकडे जायचं. दुखण्याची वाट बघायची नाही. एवढंच. आमच्या घराला यातलं अर्धं ठाऊक होतं. पळत्या गाठीला भ्यायचं नाही, हे मोठ्या मायनेच आम्हाला शिकवलं. न पळणारीचं काय, हे त्या वाक्यात नव्हतं, आणि तिच्या मानेवरून हात फिरवायला घरात चौथीतली एक पोरगी सोडून कोणी नव्हतं.

परवा गावी गेले होते. गल्लीत वळले आणि तो वास आला. पायच थांबले. एक माझ्याच वयाची बाई दारातल्या चुलीवर तवा हलवत होती. मी सरळ म्हटलं, "ताई, जरा मान दाखवता?"

"काहून? पोरगी बघायला आल्या का?" ती खदखदून हसली, पण हनुवटी वर केली. जबड्याखाली काही नव्हतं. मी विचारलं, तोंडात तिखट झोंबतं का?

तिचं हसू जरा कमी झालं. "झोंबतं जरासं. गालात. लई दिस झाले." मग घाईने म्हणाली, "पण दुखत तर न्हाई."

मी चपला काढून तिच्या चुलीपाशी बसले. उद्याच्या पहिल्या गाडीने अंबडला जाऊ, मी सोबत येते, असं सांगितलं. ती तवा हलवत राहिली. तंबाखू काळी होत आली होती. तोच वास – खमंग, कडवट, शेवटी थोडा गोड... मला तो अजूनही आवडतो. त्याला काय करावं, ते मला कळत नाही.