रेवणप्पांचा सभात्याग

उदगीरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, रेवणप्पांची हरभऱ्याची आडत होती. ठरलेल्या मापावर थोडं वरून घेतल्याशिवाय त्यांच्या जिवाला चैन नसे. भाजीवालीकडून कोथिंबीर, हलवायाकडून शेव, पुजाऱ्याकडून जादा प्रसाद.

लातूरला रेल्वेनं पाणी यायला लागलं त्या उन्हाळ्यात आप्पांनी वरच्या दाढा बसवायचं मनावर घेतलं. लातूरच्या दातांच्या डॉक्टर रुद्राणीबाईंनी एक्स-रे फोटो पाहिला. "वरचं हाड पातळ झालंय. त्याच्या वर नाकाशेजारची पोकळी आहे, सायनस. तिचा पडदा उचलून खाली हाड भरावं लागेल. मग दाढ बसेल."

ऑपरेशन झकास झालं. चाकू लावायच्या आधीच बाईंनी अँटिबायोटिकचा डोस दिला होता. नंतरच्या गोळ्या लिहिल्या त्या फक्त उद्यापर्यंतच्या.

"इतक्याच?" आप्पा गाल धरून म्हणाले. "हप्ताभराच्या तरी द्या. अन् वरून दोन घाला."

"आप्पा, हा काय हरभरा आहे? जंतू रोखायला आधीचा डोसच कामाचा. जखम चांगली असताना गोळ्या लांबवून फायदा नाही, पोट तेवढं बिघडतं. ताप आला, सूज वाढली तर फोन करा. अन् नाक शिंकरायचं नाही."

आप्पांनी मान डोलावली आणि उदगीरला उतरल्या उतरल्या ओळखीच्या दुकानातून त्याच गोळ्या भरपूर घेतल्या. बायकोला, गौरम्माला, पत्ताच लागू दिला नाही.

हप्ता सरत आला. उदगीर जिल्हा व्हावा म्हणून चौकात समितीची सभा भरली होती. आप्पा बोलायला उठले. "आता आम्ही थांबणार न्हाई!" असं गरजले, अन् पोटात अशी कळ आली की खरंच थांबवेना. माईक तसाच सोडून, धोतर आवळून ते घराकडं सुटले.

टँकर येऊन लई दिवस झालेले. गौरम्मा टाकीपाशी ठाण मांडून बसलेली.

"सकाळपासून कितीदा गेलात? काय खाल्लं ते सांगा, मंग तांब्या."

"गोळ्या! कोटाच्या खिशात हायत! दे आता!"

तिनं तांब्या दिला आणि बाईंना फोन लावला. ताप न्हाई, रक्त न्हाई, हे ऐकल्यावरच बाई हसल्या. गोळ्या बंद करा, मीठ-साखरेचं पाणी पाजा, उद्या दाखवून जा, म्हणाल्या. जखम ठणठणीत निघाली. पोटही थोड्याच दिवसांत ताळ्यावर आलं.

मोंढ्यात मात्र निराळीच बातमी फिरली. रेवणप्पा सरकारवर इतके भडकले की शब्द फुटेना, भर सभेतून उठून गेले! समितीनं त्यांना उपाध्यक्ष केलं. हार घालताना अध्यक्ष मन्मथ म्हणाले, "आप्पा, तुमच्यासारखी तळमळ पायजे."

"आतूनच आली होती," आप्पा गंभीर तोंडानं म्हणाले. बायकांत बसलेल्या गौरम्मानं तोंडात पदर कोंबला.

दिवाळीनंतर दाढा बसल्या. आप्पांनी दुकानातच मूठभर फुटाणे तोंडात टाकले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून चावण्याचा आवाज ऐकवला.