ताईला रिंग कशी कळायची?

अशा गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केलेली आहे, त्यामुळे आता कोणी माझी केली तर तक्रार नाही. आमच्या घरात बुद्धवंदना होते, उदबत्ती लागते, पण भुताखेतांना थारा नाही. बाबा भद्रावतीच्या फॅक्टरीत फिटर होते. कोणी अंगात आल्याचं सांगितलं की म्हणायचे, "त्याले सकाळच्या शिफ्टले पाठवा, उतरते." मीही त्याच वळणाचा. अहेरीच्या ऑफिसात चहाच्या वेळी जंगलातल्या चकव्याच्या गोष्टी निघाल्या की मी बिस्किट बुडवत हसायचो... तर तो मी, आता हे लिहायला बसलोय.

आधी घरचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

ताई मला सहा वर्षांनी मोठी. जन्मापासून ऐकू येत नाही, म्हणून बोलताही येत नाही. शाळेत गेली नाही, पण हातात कला अशी की अर्ध्या भद्रावतीचे ब्लाउज तिच्याकडे. तिच्याशी बोलायचं ते खुणांनी — त्याही आमच्या घरात तयार झालेल्या. नाकाच्या डाव्या पाळीवर बोट ठेवलं की आई, कारण आईच्या नाकात चमकी होती. मिशीवरून बोट फिरवलं की बाबा. मी म्हणजे गालावर चिमटा. या वयातही.

आणि ताईला हाक कशी मारायची? आई मागून यायची आणि तिच्या डाव्या खांद्यावर दोन बोटं टेकवायची. दाराशी गिऱ्हाईक आलं — दोन बोटं. कुकरची शिट्टी झाली — दोन बोटं. मला कौतुक वाटायचं ते याचं की ताई कधी दचकायची नाही. आईची बोटं तिला ओळखू यायची. मी तसंच केलं तर शिलाई वाकडी जायची आणि मार मिळायचा.

बाबा आधीच गेले होते. दोन हजार सातच्या सुरुवातीला आई गेली, आणि त्याच वर्षी माझी बदली दूर जंगलातल्या अहेरीला झाली. बदली रद्द करायला खूप खेटे घातले. काही उपयोग झाला नाही.

ताईला म्हटलं, चल माझ्याबरोबर. तिने मशीनवर हात ठेवला आणि मान हलवली, विषय संपला. नागपूरचे मामा आले ते थेट तिला घेऊन जायच्या तयारीनेच. मला म्हणाले, "तिले ऐकू येत नाई, वाचता येत नाई, अन् तू तिले इथी एकटी ठेवून राह्यला? काई झालं त समजन कोणाले? मले सांग, समजन कोणाले?"

मामा वाईट नव्हते. प्रश्न खराच होता. पण मामांच्या दोन खोल्यांत ताई म्हणजे कोपऱ्यातली एक खाट झाली असती, तिला स्वतःची गिऱ्हाइकं नाहीत, मशीन नाही, हे मला दिसत होतं. मी शब्द दिला — रोज संध्याकाळी मी तिला डोळ्यांनी पाहीन. एक दिवस चुकला तर घेऊन जा.

शब्द देणं सोपं होतं. तिला फोनचा उपयोग नाही, मोबाइलच्या मेसेजचा नाही. उरला तो कॉम्प्युटर, कॅमेरा आणि त्यासाठी ब्रॉडबँड. भद्रावतीला ते मिळालं. अहेरीतही नुकतंच आलं होतं, पण माझ्या खोलीवर येईना. टेलिफोन ऑफिसात सांगितलं, "तुमचा नंबर फिजिबल नाही." मला वाटलं मी काहीतरी अर्ज चुकवलाय. तिथले लाइनमन मडावीभाऊ मला बाहेर घेऊन आले आणि म्हणाले, "साहेब, नंबराचं काई नाई. एक्स्चेंजपासून तुमची खोली लय दूर. तार जेवढी लांब, तेवढं नेट मरते. फोन चालन, नेट नाई चालन."

मग मी खोली बदलली. लोक खोली बघताना पाणी बघतात, शेजार बघतात. मी एक्स्चेंजपासूनची तार बघत फिरलो. शेवटी एक्स्चेंजच्या मागच्या गल्लीत एक खोली मिळाली — पत्र्याची, मागे साग, समोर कोणाचंच दार नाही. संध्याकाळी साडेपाचला ऑफिस सुटलं की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत माणसाचा आवाज नाही. पण मोडेमवरचा डीएसएलचा हिरवा दिवा तिथे स्थिर लागला. मला तेवढंच हवं होतं.

भद्रावतीकडची बाजू आमचे शेजारी सलीमभाई यांनी सांभाळली. त्यांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान. आईला ते बहीण मानायचे. त्यांनी कॉम्प्युटर ताईच्या शिलाईच्या खोलीत बसवला आणि असं करून ठेवलं की माझा कॉल गेला की तो आपोआप उचलला जाईल, तिला काही दाबायला नको. पण कॉल आलाय हे तिला कळणार कसं? मशीन भिंतीकडे, कॉम्प्युटर तिच्या पाठीमागे. त्यावर सलीमभाईंनी एक डबा बनवला. तो टेलिफोनच्या तारेला जोडायचा, मी अहेरीहून आधी साध्या फोनवर रिंग द्यायची, की समोरच्या भिंतीवर, तिच्या उजव्या हाताला, लाल बल्ब लागणार. मग मी व्हिडिओ कॉल लावणार. मामांना मी हे सगळं मोठ्या ऐटीत समजावून सांगितलं.

आणि ते चाललं! रिंग द्यायचो, कॉल लावायचो, स्क्रीनवर चौकोन-चौकोन होत ताईची पाठ उमटायची. क्षणभर ती शिवतच असायची. मग हात थांबायचा. मग वळून बघायची आणि माझ्यासमोर येऊन बसायची.

चित्र अडखळायचं. वेगाने केलेल्या खुणा मध्येच तुटायच्या, म्हणून आम्ही सावकाश बोलायला शिकलो. नवीन खुणाही आल्या — मूठ उघडमीट केली की नेट गेलं, दिवा मिचकावतोय. पावसाळ्यात ही खूण इतकी व्हायची की पुढे ताई नाराजी दाखवायला कुठेही ती वापरू लागली. भाजी बिघडली, मूठ उघडमीट. मामांचं नाव काढलं, मूठ उघडमीट.

मडावीभाऊंच्या मी डोक्याला ताप झालो होतो. फोनमध्ये खरखर आली, फोन आणि नेट वेगळं करणारा स्प्लिटर बदला. दिवा मिचकावला, जोड उघडून बघा, पाणी शिरलं असेल. एकदा ते म्हणाले, "साहेब, अख्ख्या अहेरीत तुमच्यायेवढी काळजी नेटची कोणी नाई करत. कोण हाये तिकडं?" मी म्हटलं, बहीण. मग ते सुट्टीच्या दिवशीही येऊ लागले.

खरं सांगू? वचन ताईसाठी होतं, पण कॉलची रोजची ती वीस मिनिटं नसती तर मीच वेडा झालो असतो. दिवसभर फायलींशी बोलायचं आणि संध्याकाळी त्या पत्र्याखाली एकटं जेवायचं. ती मला ताटलीत काय आहे ते दाखवायला लावायची. दुसरं कोणी विचारणारं नव्हतं.

पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात ते घडलं. दोन दिवस झड लागली होती. मला थंडी वाजून ताप आला. ऑफिसला सुट्टी टाकली, गोळी घेतली, वाटलं उतरेल. रात्री वादळात मागच्या सागाची फांदी पडली, सकाळी फोन मुका, लाइट गेलेली. हे मला आठवतं. त्यानंतरचं नाही.

शुद्ध आली ती सरकारी दवाखान्यात. हाताला सलाइन, आणि उशाशी... ताई. भद्रावतीहून अहेरी — चंद्रपूरला बस बदलायची, पुढे गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली, तेही अशा पावसात. तिच्यामागे सलीमभाई उभे होते, त्यांची छत्री उलटी झालेली. डॉक्टर म्हणाले मेंदूवर जाणारा मलेरिया होता, आणखी उशीर झाला असता तर काही सांगता आलं नसतं.

मी विचारलं, तुम्हाला कळवलं कोणी?

"कोणी कळवणार?" सलीमभाई म्हणाले. "परवा दुपारी जेवून पडलो होतो, त ताई दुकानात आली. हात धरून ओढून राह्यली. गालावर चिमटा अन् मूठ उघडमीट, उघडमीट. मले वाटलं नेट गेलं, म्हटलं शाम को देखता हूँ. त रडायलेच लागली. तुह्या फोनवर रिंगच जाईना. मग मी अहेरीच्या एक्स्चेंजले लावला, म्हटलं भाऊ, जरा जाऊन पाह्यता का."

तो फोन मडावीभाऊंनी घेतला होता. ते तार जोडायच्या निमित्ताने गल्लीत आले, दार वाजवलं, मग ढकलून आत आले. मी कॉम्प्युटरसमोर खुर्चीत पडलेला होतो.

"एक सांगा साहेब," ते मला हळूच म्हणाले, "तार जमिनीवर पडलेली. लाइट नाई. कॉम्प्युटर थंडागार. अन् तुमी त्याच्यासमोर बसून माय, माय करून राह्यले होते. कोणाले लावून राह्यले होते तुमी?"

मला काहीच आठवत नव्हतं. आजही नाही.

ताप उतरल्यावर मी सलीमभाईंना म्हटलं, तुमच्या त्या बल्बने जीव वाचवला बहुतेक. कुठली तरी चुकीची रिंग गेली असेल, बल्ब लागला असेल, ताई उठली असेल. तसंच असावं, असं मला वाटत होतं.

सलीमभाई म्हणाले, "तो डब्बा? तो त मी पहिल्याच हप्त्यात काढला. डब्बा जोडला का नेट बंद. दोन-तीनदा करून पाह्यलं. तुले सांगणारच होतो, पण म्हटलं ताई त बरोबर उठून राह्यली, कायले सांगा."

म्हणजे वर्षभर तो बल्ब लागलाच नव्हता.

मी ताईकडे वळलो. खुणेने विचारलं — कॉल आला, तुला कसं कळतं? तिला प्रश्नच विचित्र वाटला. तिने स्वतःच्या डाव्या खांद्यावर दोन बोटं टेकवली. मग बोट नाकाच्या पाळीवर नेलं.

परवाही? तिने मान डोलावली आणि दाखवलं — दोन बोटं. ती वळली, कॉम्प्युटर काळा. पुन्हा शिवायला बसली. पुन्हा दोन बोटं. पुन्हा काळा. मग खांदा धरून जोरात हलवला... आईने तिला असं आयुष्यात कधी हलवलं नव्हतं, म्हणून ती घाबरली आणि सलीमभाईंकडे धावली.

त्यानंतर मी रीतसर तपासणी केली, कारण मी फिटरचा मुलगा आहे. रिंग न देता कॉल लावला. भलत्याच वेळी लावला. घरी गेल्यावर शेजारी, सलीमभाईंच्या दुकानात बसून लावला आणि खिडकीतून बघितलं. जमीन थरथरते का, उजेड पडतो का, सगळं पाहिलं. ताई घरात असली की प्रत्येक वेळी तेच — हात थांबतो, ती आधी डावीकडे वर बघते, जसं उभ्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघावं, आणि मग माझ्याकडे वळते. तिच्यामागे कोणीही नसतं. एकदाच ती उठली नाही, तेव्हा ती बाजारात होती. मामांना हे सांगितलं नाही. तिला न्यायचा विषय त्यांनी आपणहून सोडला. म्हणाले, "तिच्यापाई तू वाचला, आता मी काय बोलू."

सगळं चांगलंच झालं म्हणायचं. पण मनातलं सांगायचं तर मला त्याचा आनंद झाला नाही. मला राग आला. हाक मी मारली होती. तापात, त्या पत्र्याखाली, एकट्याने. आणि आई गेली ताईकडे. मी शेंडेफळ, माझ्याच हाताने तिला शेवटचं पाणी पाजलं, आणि माझ्या खांद्याला एकदाही बोट लागलं नाही. कित्येक संध्याकाळी मी मुद्दाम दाराकडे पाठ करून बसलोय. पन्नाशीकडे झुकलेला सरकारी बाबू, शर्टाचा डावा खांदा सैल सोडून. हसा खुशाल.

शेवटी एका हिवाळ्यात, सुट्टीवर घरी असताना, मी ताईला विचारलंच. नाकाच्या पाळीवर बोट, मग माझ्या खांद्यावर दोन बोटं, मग रिकामे हात. माझ्याकडे का येत नाही?

ताईने शिवण बाजूला ठेवली. लहानपणी गणित चुकल्यावर बाबा बघायचे तसं बघितलं माझ्याकडे. मग पुढे वाकून माझा कान धरला, हलकेच हलवला, आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

तुला ऐकू येतं.

म्हणजे तुला कशाला हात लावेल ती? तुला तर हाक मारेल.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. कोणाकडे असेल तर जरूर लिहा, मी वाद घालणार नाही. मी अजून अहेरीतच आहे. संध्याकाळी ताईशी बोलणं झालं की कॉम्प्युटर बंद करतो, पंखा बंद करतो, रेडिओही लावत नाही. आणि ऐकत बसतो. अजून तरी सागाच्या पानांशिवाय काही ऐकू आलेलं नाही.